वेशीपर्यंत आलेली तार

"तार आली," एवढे दोन शब्द ऐकतांच घरांतील माणसांच्या काळजांत धस्स व्हावें, असा एक काळ होता. आणि तो कांहीं फार जुना नाहीं. १४ जुलै २०१३ रोजीं या देशांतील तारकचेऱ्यांनीं शेवटच्या तारा स्वीकारल्या व तें खातें मिटलें. तारेच्या वेगाविषयीं आपण सर्वच आदरानें बोलतों. परंतु एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. ती ही कीं, बहुतेक खेड्यांत तार कधीं तारेनें आलीच नाहीं. ती मोठ्या गांवच्या तारकचेरीपर्यंत विजेच्या वेगानें येई, आणि तेथून पुढें टपालवाल्याच्या पायांच्या वेगानें. आषाढांत ओढ्याला पूर असला म्हणजे मुंबईहून तासाभरांत आलेली बातमी शेवटचे चार कोस चालावयास दोन दिवस घेई. दहन होऊन रक्षाही सावडली जाई, तेव्हां कोठें गांवांतल्या बहिणीस आपला भाऊ गेल्याचें कळे.

या शेवटच्या चार कोसांची हकीकत आज वाचकांपुढें मांडावी, असा आमचा विचार आहे. हल्लीं शीघ्रगति इंटरनेट खेड्यापाड्यांत नेण्याचा जो उद्योग चालला आहे, त्याची चर्चा बहुधा कोटींच्या आंकड्यांनीं आणि किलोमीटरांच्या बेरजांनीं होते. ते आंकडे खोटे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण तार किती अंतर गेली हें मोजणें निराळें, आणि ती कोणाच्या उंबऱ्याशीं जिवंत राहिली हें मोजणें निराळें. आणि पहिलें मोजमाप दुसऱ्याच्या जागीं चालवून घेण्याची आमच्याकडील खोड जुनी आहे.

येथील तारायंत्राचा आरंभ विल्यम ओशॉघनेसी या कंपनी सरकारच्या डॉक्टरनें १८५० च्या सुमारास कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान केला. १८५५ च्या फेब्रुवारींत तार सर्व लोकांस खुली झाली. ती कोठून कोठें जावी हें छावण्यांनीं, बंदरांनीं आणि पुढें आगगाडीच्या रुळांनीं ठरविलें. शेतकऱ्याच्या गरजेनें नव्हे. १८८२ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें टेलिफोन आला, तोही पेढ्यांचा आणि गोद्यांचा. स्वराज्य मिळालें तेव्हां साऱ्या देशांत मिळून टेलिफोन एक लाखाच्या आंत होते. हा भाग आम्ही येथेंच सोडतों, कारण यांत खेडें नाहींच.

खेड्याचा विचार यंत्राच्या आंखणींत प्रथम शिरला तो १९८४ नंतर. त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें सॅम पित्रोदा यांच्या प्रेरणेनें केंद्र सरकारनें सी-डॉट ही संशोधनसंस्था स्थापिली. तोंपर्यंत टेलिफोनचीं मोठीं केंद्रें परदेशी घडणीचीं असत, आणि त्यांचा थाटही मोठा. हजारों जोडण्या घेणारीं, थंड केलेल्या खोलींतच चालणारीं. ज्या गांवीं माणसांस पंख्याचा वारा मिळण्याची मारामार, तेथें यंत्राकरितां थंड खोली कोठून आणावयाची? सी-डॉटच्या तरुण अभियंत्यांनीं प्रश्नच उलटा केला. थंड खोली नसतांना, धुळींत, उन्हांत, वीज जात-येत असतां चालेल, असें लहानसें केंद्र कां करूं नये? त्यांनीं केलेल्या केंद्रांत १२८ जोडण्यांची सोय होती, आणि पहिलें केंद्र १९८६ च्या जुलैंत कर्नाटकांत कित्तूर येथें बसलें. राणी चन्नम्मेच्या गांवीं देशी यंत्राचा मुहूर्त व्हावा, हा योगायोग गोड खरा. पण आम्हांस त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही कीं, येथें यंत्र खेड्याच्या मापानें बेतलें गेलें.

तरी केंद्र बसलें म्हणजे टेलिफोन झाला असें नव्हे. घरोघर टेलिफोन घेण्याची ऐपत कोणाची होती? ती उणीव भरून काढली पिवळ्या पाटीच्या टेलिफोन-दुकानांनीं. एस. टी. स्टँडच्या कडेला किंवा किराणा दुकानाचा एक कोपरा कांचेनें अडवून त्यांत टेलिफोन ठेवलेला, वर लाल आंकडे पळविणारी एक पेटी, आणि रात्रीं दर उतरल्यावर बाहेर लागलेली रांग, हें दृश्य आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढून जाणें शक्य नाहीं. दुकानदारास प्रत्येक बोलण्यामागें कमिशन मिळे. त्यामुळें टेलिफोन बंद पडला कीं त्याचा दिवस बुडे. आणि दिवस बुडाला कीं तो सायकल काढून थेट लाइनमनच्या दारांत जाऊन बसे. पित्रोदांचें नांव इतिहासांत लिहिलें जातें तें योग्यच आहे. लाइनमनच्या दारांत बसून राहणाऱ्या या माणसाचें नांव मात्र कोणत्याही अहवालांत सांपडावयाचें नाहीं, आणि आमच्या मतें टेलिफोन जगविला तो त्यानें.

याच्या अगदीं उलट गोष्ट त्याच सुमारास घडत होती. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानें १९९७ पर्यंत प्रत्येक खेड्यास टेलिफोन देण्याचा संकल्प सोडला. तार नेणें महाग, म्हणून पुष्कळ खेड्यांत रेडिओलहरींवर चालणारे सार्वजनिक टेलिफोन बसविण्यांत आले. छपरावर लहरी पकडणारा दांडा, घरांत बॅटरी. बॅटरी उतरली किंवा दांडा वाऱ्यानें फिरला कीं टेलिफोन मुका. आणि तो बोलका करणारा माणूस गांवांत कोणी नाहीं. ज्याच्या घरीं तो बसविलेला, त्याचें त्याच्या मुकेपणानें कांहीं बिघडत नसे. तथापि, कागदावर तें खेडें 'जोडलेलें'च राही. १९९९ च्या दुसऱ्या धोरणानें सर्व खेड्यांची मुदत २००२ वर नेली. त्याच २००२ सालीं, दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नांतून शेंकडा पांच घेऊन, सार्वत्रिक सेवा निधि उभारण्यांत आला. आणि त्या निधींतून जीं पहिलीं कामें करावीं लागलीं त्यांपैकीं एक म्हणजे असे पावणेदोन लाखांहून अधिक टेलिफोन काढून त्यांच्या जागीं दुसरे बसविणें! एकाच खेड्यास दोनदां जोडण्याचा हा खर्च कोणत्या सदरीं घालावा, हें हिशेबनिसांनींच सांगावें.

इंटरनेट या देशांत सामान्य लोकांस मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून, आणि अर्थात् महानगरांत. त्यानंतर तिसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९९८ सालीं, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर खेड्यांत संगणक बसवून ते वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याशीं जोडण्याची योजना सुरू झाली, असें आज सांगितलें तर नव्या पिढीस तें खरें वाटणार नाहीं. तात्यासाहेब कोरे यांनीं ज्या माळावर कारखाना उभा केला, तेथेंच हा प्रयोग व्हावा हें साहजिक होतें. कारण सभासदांचे वजनकांटे, सोसायट्या, दूधसंघ असें एक विणलेलें जाळें तेथें आधींच होतें. योजनेच्या कागदांत पिकांची माहिती, बाजारभाव, शिक्षण, रोजगार, सारेंच होतें. लोकांनीं त्यांतील एकच गोष्ट उचलली. आपला ऊस किती टन भरला? तोड केव्हां येणार? बिल किती झालें आणि खताची उचल किती कापली? पूर्वीं एवढ्याकरितां कारखान्यावर खेटे घालावे लागत, आणि कारकुनाचा चेहरा पाहून प्रश्न विचारावा लागे. आतां उत्तर गांवांतच मिळूं लागलें.

इतर सर्व माहिती पडून राहिली, ऊसच तेवढा चालला, म्हणून या योजनेस अर्धेंमुर्धें यश आलें असें अभ्यासकांनीं लिहिलें आहे. आमचें मत थोडें निराळें आहे. शेतकऱ्यानें यंत्रास जो पहिला प्रश्न विचारला तो स्वतःच्या पैशाचा विचारला, यांत हंसण्यासारखें काय आहे? मुंबईच्या व्यापाऱ्यानें तारायंत्रास कापसाच्या भावावांचून दुसरें काय विचारलें होतें? पुढें ते संगणक जुने झाले, त्यांच्या देखभालीचा खर्च जड जाऊं लागला. तेव्हां २००७ च्या सुमारास कांहीं संशोधकांनीं तेथील कांहीं खेड्यांत तेंच काम साध्या मोबाईलच्या लघुसंदेशांवर करून दाखविलें. संगणक हटला तरी प्रश्न शिल्लक होता, म्हणून उत्तरास दुसरी वाट सांपडली.

२००४ च्या धोरणानें ब्रॉडबँड या शब्दाची व्याख्या केली ती सेकंदास २५६ किलोबिट इतक्या वेगाची. ती २०२३ सालीं २ मेगाबिटांवर नेण्यांत आली. जुना आंकडा ऐकून आज शाळकरी मुलेंही हंसतील. पण तेवढा वेगसुद्धां तेव्हां खेड्यास दुर्लभ होता, आणि त्याचें कारण तांब्यांत होतें. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेंतून जाणारा हा संदेश केंद्रापासून चार-पांच किलोमीटरांच्या पुढें क्षीण होत जातो. शहरांत तेवढ्या टापूंत हजारों बिऱ्हाडें येतात. मेळघाटांत एखादा पाडा येतो, कधीं तोही येत नाहीं. यावर उपाय कांचेचा. केसासारख्या बारीक कांचतंतूंतून विजेऐवजीं प्रकाश धांवतो, आणि तो अनेक कोस गेला तरी फारसा मंदावत नाहीं. तांब्यास चोर लागतात, कांचेस लागत नाहींत, हा आणखी एक फायदा. पण तांब्याकरितां खणणाऱ्या चोरास खालीं कांच आहे हें खणून झाल्यावर कळतें.

२५ ऑक्टोबर २०११ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें सुमारें अडीच लाख ग्रामपंचायतींस असा तंतु नेऊन देण्याची योजना मंजूर केली. अंदाज २०,००० कोटी रुपयांचा, मुदत दोन वर्षांची. हिशेब वरवर पाहतां अगदीं सरळ होता. बीएसएनएल, रेलटेल व पॉवरग्रिड या सरकारी कंपन्यांचा तंतु तालुक्यांपर्यंत बहुतेक ठिकाणीं गेलेलाच होता. राहिलें होतें तें तालुक्यापासून पंचायतीपर्यंतचें अंतर. पुन्हां तेच चार कोस! राजस्थानांतील अराईं, त्रिपुरांतील पानिसागर आणि आंध्रांतील परवाडा या तीन ठिकाणीं प्रयोग झाला. मग मुदत वाढत गेली, योजनेचें नांव भारतनेट झालें, आणि पहिला एक लाख पंचायतींचा टप्पा पुरा व्हावयास २०१७ चा डिसेंबर उजाडला. केरळांतील इडुक्कीसारख्या डोंगराळ जिल्ह्यानें २०१५ च्या जानेवारींतच आपल्या सर्व पंचायती जोडून घेतल्या होत्या, हें येथें न सांगणें अन्यायाचें होईल. काम अशक्य नव्हतें.

मग घोडें कोठें अडलें? दोन वर्षांपूर्वीं सह्याद्रीच्या पायथ्याशीं एका गांवीं आमचें जाणें झालें. पंचायतीच्या कचेरींत भिंतीवर एक लोखंडी कपाट होतें, त्यांत ती यंत्रपेटी. कपाटास कुलूप. शिपायास विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "किल्ली भाऊसाहेबांकडं. भाऊसाहेब मंगळवारीं येतात." चार गांवांचा कारभार एकाच ग्रामसेवकाकडे, त्याचाही दोष काय काढावा? आंतील दिवा लागतो का, असें विचारलें तर शिपाई मोकळ्या मनानें हंसला. कचेरींत दुपारीं वीज नसते, आणि पेटीची बॅटरी कधींच उतरली होती. सरकारी यादींत हें गांव जोडलेलें आहे, आणि तें खोटेंही नाहीं. तंतु आला आहे. तो वेशीपाशीं येऊन थांबला आहे, इतकेंच.

दुसरें कारण जमिनीखालचें. रस्ता रुंद करणारा ठेकेदार एका खात्याचा, नळाची चारी खणणारा दुसऱ्या खात्याचा, आणि तंतु तिसऱ्या खात्याचा. एकाचें फावडें दुसऱ्याच्या तंतूवर पडलें तर त्यास त्याचें सुखदुःख नाहीं. त्यांत पहिली रचना सरळ रेषेची होती. तालुक्यापासून एका गांवीं, तेथून दुसऱ्या, तेथून तिसऱ्या. मध्येंच तंतु तुटला कीं पुढचीं सारीं गांवें अंधारांत. तेंच वर्तुळ करून दोन्हीं टोंकें तालुक्यास आणून जोडलीं, तर एका ठिकाणीं तुटला असतांही प्रकाश उलट वाटेनें येतो. ही युक्ति कोणास ठाऊक नव्हती असें नाहीं. पण वर्तुळास तंतु अधिक लागतो, आणि ज्या वर्षीं केवळ जोडलेल्या पंचायती मोजावयाच्या असतात, त्या वर्षीं वर्तुळ कोण काढतो? २०२१ च्या जूनमध्यें सोळा राज्यांतील काम खासगी भागीदारीनें करण्याचें ठरलें व त्याकरितां १९,०४१ कोटींचें साहाय्यही मंजूर झालें. एकही कंपनी पुढें आली नाहीं. व्यापारी माणूस हा कधीं कधीं फार प्रामाणिक टीकाकार असतो.

येथें कोणी म्हणेल, हा सारा खटाटोप हवाच कशाला? २०१६ च्या सप्टेंबरांत जिओ आलें, इतरांनीं दर उतरविले, आणि तंतूची वाट न पाहतां खेडें मोबाईलवर इंटरनेटांत शिरलें. ही गोष्ट खरी आहे, आणि सरकारी योजनेपेक्षां या स्पर्धेनेंच खेड्यास अधिक जोडलें, हेंही कबूल केलें पाहिजे. पण मोबाईलचा टॉवर म्हणजे कांहीं आकाशांतून पडणारें पाणी नव्हे. टॉवरच्या मागें कांचतंतु नसेल तर तो आडांत नसलेलें पोहऱ्यांत आणूं पाहतो. २०२० च्या पावसाळ्यांत शाळा-महाविद्यालयें बंद होऊन शिक्षण पडद्यावर आलें, तेव्हां कोंकणांत मुलेंमुली डोंगरावर झोपडी घालून, डोक्यावर प्लॅस्टिक धरून, तेथें लागणाऱ्या लहरींवर धडे घेत बसल्याचीं छायाचित्रें वृत्तपत्रांत आलीं. लोकांनीं त्यांच्या जिद्दीचें कौतुक केलें. आम्हांस तीं चित्रें पाहून लाज वाटली. ज्या घरीं मोबाईल एकच, तेथें तो भावाच्या हातीं गेला आणि बहीण चुलीपाशीं राहिली. त्या मुलींचें छायाचित्र कोणी काढलें नाहीं.

मग हे चार कोस कोणी चालावेत? कंपनी चालत नाहीं, खातें चालून थांबतें. अमेरिकेंत १९३५ च्या सुमारास हाच प्रश्न विजेविषयीं उभा होता. तेथील शहरें झगमगत होतीं आणि दहांपैकीं नऊ शेतघरें कंदिलावर होतीं. वीजकंपन्या म्हणत, शेतकरी परवडत नाहीं. १९३६ च्या कायद्यानें सरकारनें शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांस स्वस्त कर्जें दिलीं, आणि त्यांनीं स्वतःचे खांब स्वतः उभे केले. १९४९ सालीं हीच सवलत टेलिफोनास मिळाली. आणि गंमत अशी कीं, गेल्या कांहीं वर्षांत त्यांतील पुष्कळ संस्थांनीं त्याच खांबांवरून कांचतंतु नेला आहे. इंग्लंडांत लँकेशायरच्या लून खोऱ्यांत २०११ सालीं गांवकऱ्यांनीं अशीच संस्था काढली. शेतकऱ्यांनीं आपल्या शेतांतून वाट फुकट दिली, चर खणले, भाग विकत घेतले. आणि त्या मेंढरांच्या मुलखांत लंडनकरांनीं हेवा करावा असा वेग आला.

हें वाचून सहकाराच्या या भूमींतील वाचकांचा ऊर भरून येण्यापूर्वीं एक कडू गोष्ट सांगणें प्राप्त आहे. अमेरिकेचा तो वीज-सहकार आपल्याकडेही आला होता. १९६९ नंतर देशांत प्रयोगादाखल ज्या पांच ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या, त्यांत एक अहमदनगर जिल्ह्यांतील (आतां अहिल्यानगर) मुळा-प्रवरा ही होती. ज्या प्रवराकांठीं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं सहकारी साखरेचा पाया घातला, तेथलीच ती. तिनें चाळीस वर्षें वीज वांटली. पण पंपांचे सवलतीचे दर, वसुलींतील तूट आणि वीज पुरविणाऱ्या मंडळाची सांचत गेलेली थकबाकी यांखालीं ती वांकत गेली, आणि २०११ सालीं तिचा परवाना संपून वीजवांटप महावितरणकडे गेलें. अडीच लाख पंचायतींची योजना मंजूर झाली तेंही वर्ष २०११ च. तिच्याच पिढींतील कर्नाटकांतील हुक्केरीची संस्था मात्र टिकली. तेव्हां 'सहकार' हा मंत्र म्हणून उपयोगाचा नाहीं. वारणेकांठीं जें चाललें तें सभासद आणि त्याचें ऊसबिल यांमध्यें दुसरें कोणी नव्हतें म्हणून. मुळा-प्रवरेंत वीज वापरणारा, तिचा दर ठरविणारा आणि थकबाकी मागणारा असे तिघे तीन ठिकाणीं होते.

४ ऑगस्ट २०२३ रोजीं सरकारनें भारतनेटची सुधारलेली योजना मंजूर केली. आंकडा १,३९,५७९ कोटींचा, म्हणजे मूळ अंदाजाच्या जवळजवळ सातपट. तींत सरळ रेषेऐवजीं वर्तुळ आहे, दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे, आणि घरोघर जोडणी देण्याकरितां गांवांतीलच उद्योजकांस वांटा देण्याची कल्पना आहे. पिवळ्या पाटीच्या दुकानदाराची आठवण इतक्या वर्षांनीं कोणास तरी झाली, याचें आम्हांस समाधान वाटतें. देखभालीचा करार मात्र मोठ्या ठेकेदारांशीं आहे, आणि ठेकेदाराचा माणूस कोठें राहतो हें गांवास ठाऊक नसतें.

वर सांगितलेल्या गांवीं पंचायतीच्या समोरच एका तरुणाचें सेतु-केंद्र आहे. सातबाराचे उतारे, पीकविम्याचे अर्ज, म्हाताऱ्यांच्या अंगठ्यावर पैसे काढून देणें, हा त्याचा धंदा. त्यानें भाऊसाहेबांस विनवून पेटीची एक तार आपल्या दुकानांत ओढून घेतली आहे, आणि सकाळीं तिला स्वतःच्या बॅटरीची वीज देतो. तंतु तुटला कीं दुकानांतलीं माणसें उठून जातात, म्हणून तुटल्याचें प्रथम त्यासच कळतें. मग तो मोटारसायकल काढतो, नवें खोदकाम कोठें दिसतें तें रस्त्याकडेनें पाहत जातो, तुटलेली जागा सांपडली कीं तेथें काठीला फडकें बांधून ठेवतो, आणि तालुक्याच्या माणसास टेलिफोन करतो. गेल्या पावसाळ्यांत असें सात वेळां झालें, असें त्यानें वहींत पाहून सांगितलें. पेट्रोलही त्याचेंच. या कामाचें त्यास कोणी कांहीं देत नाहीं.